बाजारात विसरलेली लेक

मी अकरा वर्षे गांजा ओढला आणि त्यातली निदान आठ वर्षे त्याला भक्ती समजत होतो. हे एक वाक्य कागदावर उतरवायला मला बरेच दिवस लागले. आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या काठावर महादेवाचे जुने देऊळ आहे. एका महाशिवरात्रीला तिथे एक फिरस्ते बाबा उतरले होते. त्यांच्याभोवती आम्ही पाच-सहा जण बसलो, चिलीम फिरत फिरत माझ्यापर्यंत आली आणि शेजारचा म्हणाला, “घे, शंकराचा प्रसाद हाय.” प्रसादाला नाही कसे म्हणायचे? त्या दिवशी भजनात माझा आवाज असा लागला की तसा आधी कधीच लागला नव्हता. निदान मला तसे वाटले. पुढच्या वर्षी शिवरात्रीची वाट पाहणे जमेना, म्हणून दर सोमवारी देवळात जाऊ लागलो. मग सोमवारची वाट पाहणेही जमेना.

माझा धंदा मोटार वायंडिंगचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींमधली जुनी तार काढायची आणि नवी भरून द्यायची. या कामात हातापेक्षा डोके जास्त लागते, कारण तारेचे वेढे मोजून भरावे लागतात. एका खाचेत दोन वेढे कमी पडले तरी मोटार तापते आणि आठ दिवसांत परत येते. आधी मी रेडिओ ऐकत, गिऱ्हाइकाशी बोलत काम करायचो तरी वेढा चुकत नसे. नंतर नंतर चाळिसाच्या पुढे गेलो की मी कुठे होतो हेच आठवेना. पुन्हा उकलायचे, पुन्हा मोजायचे. ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी मी भरलेल्या मोटारी जळू लागल्या. माणसे चांगली, तोंडावर कुणी बोलले नाही. फक्त हळूहळू ती दुसरीकडे जाऊ लागली.

घरातही तसेच झाले. माझी बायको सुनंदा सुरुवातीला भांडायची. मी दोनदा पिंडीवर हात ठेवून आणि एकदा आमच्या लेकीच्या, तन्वीच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिन्ही मोडल्या. तिसऱ्या वेळेनंतर सुनंदाने भांडणे सोडले आणि ते मला बरे वाटले, यावरून माझी अवस्था समजावी. “आता माफक घेतो, अर्धीच चिलीम,” असे मी स्वतःला सांगायचो. अर्ध्या चिलमीनंतर उरलेली अर्धी समोर दिसायची. ज्या दिवशी मिळाली नाही त्या दिवशी लेकराने पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला तरी मी तिच्यावर खेकसायचो. देवळात मात्र रोज जायचो. लोक मला देवभोळा म्हणायचे आणि मी ते मानून घ्यायचो.

तन्वी तेव्हा पाच वर्षांची होती. थंडीचे दिवस होते, धाड गावचा आठवडी बाजार होता. ती पाठीमागे लागली म्हणून मी तिला मोटारसायकलवर पुढे बसवून नेले. भाजी घेतली, तिच्यासाठी गोडी शेव घेतली. एका म्हाताऱ्या बाईकडे लसूण घेतला. पोत्यावर लसणाच्या जुड्या मांडून ती बसली होती आणि तन्वी त्या जुड्या ओळीत लावून देत तिच्याशी गप्पा मारू लागली. मला बाजारामागच्या एका टपरीवर जायचे होते. तिथे माझ्या ओळखीचा माणूस होता. मी म्हातारीला म्हणालो, “आजी, दोन मिनिटं पाह्यता का हिच्याकडं? आलोच.” तिने मान हलवली.

टपरीमागे गेलो, बसलो, ओढली. उठलो तेव्हा हातात भाजीची पिशवी होती. ती गाडीला अडकवली आणि गावाकडे निघालो. आमचे गाव तिथून चौदा किलोमीटर. मध्ये कुठेतरी मी थांबलो असणार, कारण घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. तो मधला वेळ कुठे गेला हे मला आजही सांगता येत नाही.

सुनंदा चुलीपुढे भाकरी थापत होती. मी पिशवी ठेवली. तिने माझ्या मागे पाहिले, मग दाराकडे पाहिले.

“तन्वी कुठी हाय?”

“असंन ना घरातच,” मी म्हणालो.

“तुम्ही तिले संग घेऊन गेल्ते.”

ती ओरडली नाही. अगदी हळू बोलली. तिच्या हातातले पीठ तसेच होते. त्या एका वाक्याने अकरा वर्षांत मी स्वतःभोवती जे काही उभे केले होते ते खाली आले. ती मागे बसायला धावत आली, पण तोवर मी गाडी वळवली होती. माझ्या मोबाइलची बॅटरी दुपारीच संपली होती.

त्या रस्त्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण माझ्यासाठी सगळे तिथेच घडले. मी महादेवाचे नाव घ्यायला तोंड उघडले. नवस बोलावा असे वाटले. अमुक देईन, तमुक सोडेन. पण काय सोडेन म्हणणार? तेच मी तीनदा सोडले होते. माझ्या शब्दाला देवापुढे काही किंमत उरली नव्हती आणि हे मला देवाच्याही आधी कळत होते. समोर टरबुजाएवढा तांबडा सूर्य खाली जात होता, बाजाराहून परतणाऱ्या जीपा, बैलगाड्या समोरून येत होत्या आणि मी प्रत्येकीत माझ्या लेकीचे तोंड शोधत होतो. मंत्र आठवेना. रोज देवळात बसणारा मी, मला एक ओळ धड म्हणता येईना. शेवटी मी एवढेच म्हणालो, “माझ्याच्यानं नाही झालं. तू सांभाळ.” आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही बदल्यात न देता मागितले, आणि ते शहाणपणाने नव्हे, हात रिकामे होते म्हणून.

बाजार उठला होता. दुकानांची पाले सोडलेली, बांबू आडवे पडलेले, सडक्या पानांत गाई तोंड घालत होत्या. लसणाच्या जागेवर म्हातारी एकटी बसली होती. पोते अंगाभोवती गुंडाळून तन्वी तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती.

मी गाडीवरून उतरलो आणि तिथेच तिच्यापुढे मातीत बसलो. म्हातारीने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. तिने कमरेच्या पिशवीतून साधा फोन काढून माझ्या हातात दिला.

“आधी घरी लाव. मायचा जीव टांगला असंन तिचा.”

सुनंदाने पहिल्याच रिंगला उचलला. मी “हाय, सापडली” म्हणालो. 

मग म्हातारी सांगू लागली. “पोरीनं गावाचं नाव सांगतलं मले. एक जण म्हने, मी नेऊन सोडतो गाडीवर. दारू पेलेला होता. मी म्हनलं, नाई. जो ठेवून गेला तोच नेईन.” तिच्या गावची शेवटची जीप दोन तासांपूर्वीच गेली होती. जीपवाल्याने तिला तीनदा हाक मारली होती म्हणे. ती उठली नाही. “आता भाचीकडं राह्यतो इथं. जाईन सकाळी,” ती इतक्या सहज म्हणाली की मला तिच्याकडे पाहवेना.

मी तिच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणालो, “आजी, तुम्हाले महादेवानंच बसवलं इथं.”

तिने पाय मागे घेतले. “मले देव-बिव काही करू नको बापू. मी विहारात जाणारी बाई. लेकरू एकलं होतं म्हणून बसली.” मग तन्वीच्या कानावर पोत्याचा काठ ओढत, तिने हळू विचारले, “किती वर्षं झाले ओढतो?”

मी सांगितले. खोटे बोलण्याचे त्राणच नव्हते. आणि सांगता सांगता मला तेच सुचले जे मला नेहमी सुचायचे. मी तन्वीच्या डोक्याकडे हात नेला, “आज शपथ घेतो...”

म्हातारीने माझे मनगट धरले. लसूण उपटून उपटून हात खरबरीत झालेला, पण पकड घट्ट होती.

“तिच्या डोक्यावर नको. तुह्या शब्दाचं ओझं तिच्यावर काऊन टाकतो? उद्याच्या दिवस नको ओढू. परवाचं परवा पाह्य. आम्ही विहारात पाचवं शील म्हणतो, नशेपासून लांब राह्याचं. रोज म्हणतो. एकदा म्हणून भागलं असतं तं रोज काऊन म्हनलं असतं?”

निघताना मी तिचे नाव-गाव विचारून घेतले; नाव सुभद्राबाई. घरी जाताना मी गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवली. तन्वी अर्धवट झोपेत म्हणाली, “पप्पा, आजीले मी समद्या जुड्या लावून देल्या.” पप्पा आपल्याला विसरून गेले होते हे तिला माहीतच नव्हते. सुभद्राबाईंनी ते तिला कळूच दिले नव्हते. “पप्पा कामाले गेले, आता येतेत” असे त्या तिला दर थोड्या वेळाने सांगत राहिल्या. या एका गोष्टीसाठी मी त्या बाईचा जन्मभर ऋणी आहे.

पुढचे दिवस सोपे गेले असे कुणी समजू नये. मला झोप लागेना. थंडीत अंगाला घाम फुटायचा, जेवण पुढे आले की मळमळायचे, आणि बिनकारणाचा संताप. सुनंदाच मला बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. इतक्या वर्षांची सवय सुटताना शरीर असे करते, काही आठवड्यांत उतरेल, असे त्यांनी सांगितले आणि पुन्हा बोलावले. मी रोज सकाळी देवळात जायचो, चिलमीचे सोबती जमायच्या आत परत यायचो. पिंडीपुढे एवढेच म्हणायचो, आजचा दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तीन महिन्यांनी शिवरात्र आली. मला वाटले, आता मी बरा झालो, वर्षातून एकदा, प्रसादापुरते घ्यायला काय हरकत आहे? माफकच तर आहे. घेतले. आणि पुढचे चारही दिवस मी ओढली. पाचव्या दिवशी सकाळी मी तोंड धुतले आणि शरमेने सरळ सुभद्राबाईंच्या गावाची जीप पकडली.

त्यांचे घर विहाराच्या मागच्या गल्लीत होते. माझे तोंड पाहूनच त्या समजल्या आणि मला ओट्यावर बसवले. चहा घेऊन एक उंच, चाळिशीचा माणूस बाहेर आला. “हा माहा मोठा पोरगा,” त्या म्हणाल्या, “सांग याले तुहं.” तो माझ्याशेजारी ओट्यावर बसला. तो ट्रॅक्टर चालवायचा. गांजापायी त्याची पहिली नोकरी गेली होती, बायको दोन वर्षे माहेरी होती. सोडल्याला सात वर्षे झाली होती, आणि त्यात दोनदा तोही घसरला होता. “मले बी वाटे थोडं थोडं जमंन,” तो म्हणाला. “जमणारे असतीन कोणी. आपण त्यातले नाई भाऊ. अन् घसरला तं घसरला. मायनं मले कधी मोजून नाई दाखवलं. फक्त सकाळी उठवे अन् म्हने, चाल वंदनेले.”

मी त्या ओट्यावर बसून रडलो. अकरा वर्षांत कुणी मला अशी जागा दिली नव्हती, कारण मी कुणाला खरे सांगितलेच नव्हते.

माफकपणाचा अर्थ मला तिथे थोडा समजू लागला. गांजाच्या बाबतीत माझे माफक म्हणजे अजिबात नाही, हे मी मान्य केले. पण माझा हव्यास काही चिलमीपुरता नव्हता. मला भजनातही असा आनंद हवा असायचा की भान हरपावे. शपथाही मोठमोठ्या हव्या असायच्या. पश्चात्ताप करायचा तोही असा की चार जणांनी पाहावे. आता भजनात जेवढा आवाज लागतो तेवढाच लावतो. एका दिवसापुरते वचन देतो, कारण तेवढेच माझ्या हातात मावते. दुकानात काम कमी घेतो, पण जे घेतो ते नीट करतो. जुनी गिऱ्हाइके एकेक करून परत येत आहेत.

ती संध्याकाळ महादेवाने घडवली की एका भल्या बाईच्या चांगुलपणाने घडली, असे मला काही जण विचारतात. सुभद्राबाई देव मानत नाहीत आणि मी मानतो. आम्ही यावर कधी वाद घातला नाही. मी रस्त्यावर “सांभाळ” म्हणालो त्याच्या कितीतरी आधी त्या जीप सोडून बसल्या होत्या. मागण्याआधीच देणारा कुणीतरी असतो, एवढे मी समजलो. त्याला काय नाव द्यावे हे ठरवण्याइतका मी मोठा नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षे होत आली. त्या दिवसानंतर सुनंदाने तन्वीला माझ्यासोबत एकटीला कुठे पाठवले नव्हते. मी कधी मागितलेही नाही. ते मागण्याचा हक्क माझा नव्हता. गेल्या महिन्यात एका सकाळी मी शाळेच्या कोपऱ्यावरून दूध आणायला निघालो होतो. सुनंदा दारात आली. तिने तन्वीचे दप्तर माझ्या खांद्याला अडकवले, लेकीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “जाऊनच राह्यले तं तिले शाळेत सोडून या.”

 शाळा घरापासून तीनशे पावलांवर आहे. तेवढे अंतर मी लेकीचा हात धरून चाललो आणि प्रत्येक पावलाला मनातल्या मनात हात जोडत गेलो.