वाऱ्यावरचं सुकाणू

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. आई विचारत राहिली, तिलाही मी खरं बोललो नाही, आणि ती गेली. ज्याला सांगायलाच हवी होती त्याला तर नाहीच सांगितली — आता तोही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतोय. हासुद्धा पळपुटेपणाच का? असेल.

नेरला, यवतमाळकडच्या माझ्या गावी, मला अजून ‘समुद्रवाले भाऊ’ म्हणतात. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, बोअर, फार तर धरण. अशा गावचा मुलगा जहाजावर नोकरीला लागतो, अधिकारी होतो, सुटीत बॅग घेऊन बसमधून उतरतो, म्हटल्यावर लोकांना कौतुक वाटणारच. आणि मला ते कौतुक फार आवडायचं. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं सगळं तिथूनच निघतं.

पंचेचाळिशीत मी जाहीर केलं — जाहीर हाच शब्द बरोबर, कारण चार माणसांत, हार गळ्यात असताना बोललो — की गोव्याहून मॉरिशसपर्यंत शिडाच्या होडीनं जाणार. एकटा. टाळ्या पडल्या. जुनी फायबरची होडी मी घेतलेलीच होती. मोठ्या जहाजाच्या उंच डेकवर उभं राहणं आणि हात बुडवला तर पाण्याला लागेल इतक्या उंचीवर, एकट्यानं, आठवड्यांमागून आठवडे बसणं — यांतला फरक मला कळत नव्हता का? कळत होता. पण टाळ्या पडल्या होत्या.

एकट्या माणसाला शिडाचा त्रास नसतो, झोपेचा असतो. सुकाणू धरून किती जागणार? म्हणून होडीच्या मागच्या बाजूला एक यंत्र लावतात. त्याला वीज लागत नाही. वर प्लायवूडचं पातं, वाऱ्यात उभं. होडी वाटेवरून ढळली की वारा पात्याला आडवा लागतो आणि ते कलतं. त्याच्या कलण्यानं खाली पाण्यातलं वल्हं वळतं, धावतं पाणी त्या वल्ह्याला बाजूला लोटतं, आणि वल्ह्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणू ओढून होडी परत वाटेवर आणतात. तुम्ही झोपा, वारा जागा असतो. मला मिळालेलं यंत्र जुनं होतं, झिजलेलं. ते पोत्यात बांधून मी नेरला आणलं. रफिककडे.

रफिक माझ्या वर्गातला. आम्ही एकाच बाकावर बसून मार खाल्लेला. त्याचं वर्कशॉप अमरावती रस्त्याला — लेथ, वेल्डिंग, ट्रॅक्टरचे ॲक्सल, शाळेच्या व्हॅनची स्टेअरिंग, ब्रेक. तालुक्यातली माणसं गाडीत काही खुट्ट झालं की म्हणायची, रफिकला दाखवून घे. त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. त्यानं यंत्र मोकळं केलं, एकेक तुकडा रॉकेलनं पुसून फरशीवर मांडला आणि दोन दिवस मला प्रश्न विचारून भंडावलं. वल्ह्याची शाफ्ट वाकलेली होती, ती त्यानं स्टेनलेसची नवी करून वल्ह्याला वेल्डिंगनं जोडली. शाफ्ट ज्यांत फिरते ते बुश लेथवर नायलॉनचे नवे खरादले. मग पात्याचा भाग जीपच्या टपावर बसवून आम्ही दारव्ह्याच्या रस्त्यानं गेलो. मी चालवायचो, तो मागे उभा राहून पात्याचं वजन कमीजास्त करायचा. कपाशीतल्या बाया काम थांबवून बघायच्या. गावात त्याचं नावच पडलं — रफिकचा पंखा.

हे सगळं मी लांबवतोय, मला कळतंय. पण तो माणूस कसा होता हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कसं कळेल?

डिसेंबरात आम्ही दोघं गोव्याला गेलो. यंत्र बसवलं, समुद्रात नेलं, आणि होडी नीट चालेना. नागमोडी जायची. वाट सोडायची, उशिरा वळायची, मग पलीकडे जास्तच वळायची. रफिकला उलट्या होत होत्या. तोंड पुसायचा आणि पुन्हा मागे जाऊन बसायचा. आधी दोऱ्या सैल आहेत म्हणून त्या ताणल्या. थोडा फरक पडला. मग कप्पी बदलली. दुसऱ्या दिवशी हलक्या वाऱ्यात पातं कललं तरी वल्हं वळेचना. त्यानं ते धक्क्यावर काढलं, हातानं फिरवून पाहिलं. नेरमध्ये बोटाच्या टिचकीनं फिरणारी शाफ्ट आता जोर लावल्यावर फिरत होती.

“कोरडं होतं तवा बरोबर होतं,” तो म्हणाला. “नायलॉन पानी पेऊन फुगलं. चूक माही आहे. मले आधीच समजाले पायजे होतं.”

त्यानं तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये जाऊन बुश थोडे मोकळे करून आणले, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले आणि सकाळी पुन्हा शाफ्ट फिरवून पाहिली, मगच बसवले. शाफ्टला एक जाड दोरी बांधून तिचं दुसरं टोक होडीच्या कडीत अडकवलं. समुद्रात काही तुटलंच तर तुकडा वाहून जाऊ नये म्हणून.

त्या दिवशी आम्ही बाहेर गेलो आणि मी सुकाणूवरून हात काढला. होडी सरळ निघाली. पातं कलायचं, वल्हं वळायचं, दोऱ्या हलके ओढल्या जायच्या. रफिक उलट्या विसरला.

“पाह्य बे सुध्या,” तो म्हणाला, “कोनीच नाई धरून राह्यलं.”

तो हसत होता. तेव्हा मला माझंच एक सत्य समजलं — यंत्र बिघडत होतं तितके दिवस मी सुखात होतो. दर संध्याकाळी तो कपाळाला हात लावून बसायचा आणि मी आतून म्हणायचो, आज नाही, अजून नाही. आता बिघाड उरला नव्हता. आता फक्त मी उरलो होतो.

शेवटची चाचणी मी एकट्यानं करायची, असं ठरलेलं होतं. पहाटे निघून संध्याकाळपर्यंत परत. रफिक धक्क्यावर थांबला. मी निघालो. वारा मंद होता, लाटा म्हणाव्यात अशाही नव्हत्या. वादळ होतं, मी थकलो होतो, डोकं फिरलं होतं — असलं काहीच नव्हतं. दुपारपर्यंत किनारा दिसेनासा झाला. होडी आपली आपण जात होती. मला करायला काही नव्हतं. तुम्ही कधी असे बसला आहात का — चहूबाजूंना काही नाही, आणि हातांना काम नाही? मी ओरडून माझं नाव घेतलं. माझाच आवाज मला परका वाटला. अशा दिवसांमागून दिवस जायचे होते. मला ते जमणार नव्हतं. इतकं साधं होतं ते. मला भीती वाटत होती.

परत जाऊन तेवढंच म्हणता आलं असतं. लोक चार दिवस हसले असते.

मी पाना घेतला. मागे पालथा पडून, भिजत भिजत शाफ्टचे बोल्ट सोडले. रफिकनं ते चांगले आवळले होते, वेळ लागला. मग सुकाणूच्या दोऱ्या आणि कडीतली दोरीची गाठ सोडली. शाफ्ट आणि वल्हं क्षणभर हातात धरलं — जड होतं — आणि पाण्यात सोडून दिलं. ते चमकत खाली गेलं. मी बोल्टही फेकले. सुकाणू हातात धरून होडी वळवली.

हेच ते. आजवर कुणालाच न सांगितलेलं.

धक्क्याला लागायच्या आधीच रफिकला मागचं रिकामं यंत्र दिसलं. मी म्हणालो, शाफ्ट तुटली. वेल्डिंगपाशी. होडी आडवी झाली, थोडक्यात वाचलो.

त्यानं यंत्राच्या रिकाम्या जागी हात फिरवला. मग म्हणाला, “अन् दोरी?”

“तीही तुटली.”

त्यानं कडीकडे पाहिलं. दोरीचा साधा धागाही तिथं नव्हता. मला वाटलं, आता हा बोलेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. “तुले काई झालं असतं तर, सुध्या,” म्हणाला. “मी तुह्या मायले काय तोंड दाखवलं असतं?” मग त्यानं माझे दोन्ही हात धरले. “माफ कर मले.”

आणि मी त्याला माफ केलं. खांद्यावर हात ठेवून. म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नको.

नवी शाफ्ट आठवड्यात होईल, तो म्हणत होता. मी म्हणालो, आता भरवसा राहिला नाही, वाऱ्याचा हंगामही निघून जाईल. तो हत्यारं पिशवीत भरायला लागला. ‘भरवसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला होता.

नेरला आल्यावर जिल्ह्याच्या पेपरचा बातमीदार आला. मी रफिकचं नाव घेतलं नाही, इतका मी हुशार होतो. काम गावातच करून घेतलं होतं, त्यांना समुद्राचा अनुभव नव्हता, एवढंच बोललो. रफिकचा पंखा सगळ्या गावाला माहीत होता. नाव घ्यायची गरजच काय होती? माझं सांत्वन करायला माणसं घरी जमली. त्यात एक जण म्हणाला, “त्या लोकायच्या हाती जीव द्याचाच कायले?” त्या लोकांच्या म्हणजे कोणाच्या, हे खोलीत प्रत्येकाला कळलं. मलाही. मी चहाचा कप हातात धरून जमिनीकडे बघत राहिलो. त्या क्षणी तरी बोलायला हवं होतं ना? मी नुसता उसासा टाकला. त्यांना तो दुःखाचा वाटला.

गिऱ्हाईक हळूहळू तुटलं. पण ते रफिकनं सोसलं असतं. झालं ते वेगळंच. त्यानं तशाच शाफ्ट बनवल्या, तसंच वेल्डिंग केलं आणि त्या शिकंज्यात धरून तोडायला लागला. नोकरी सोडून मी गावी परतलो तेव्हाही त्याचं हे चालूच होतं. एकदा मला बोलावून घेतलं. पाइप लावून, सगळं अंग टाकून तो शाफ्ट वाकवत होता. ती वाकली, पण वेल्डिंगला तुटली नाही.

“हे अशी तुटतच नाई बे,” तो म्हणाला. धाप लागली होती. माझ्याकडे बघत राहिला.

त्याला कळलं होतं का? मी या प्रश्नावर फार वर्षं घालवली आहेत. मी म्हणालो, “समुद्राचं काही सांगता येत नाही.”

त्यानं पाइप खाली ठेवला. “तू होता तिथं,” म्हणाला. “मी नव्हतो.” त्यानं स्वतःच्या हातांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्यानंतर त्यानं ब्रेकचं काम सोडलं. मग स्टेअरिंगचं. शाळेच्या व्हॅनवाल्याला त्यानं दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. “ज्यात मानूस बसते ते काम मी नाई करत,” म्हणाला. मग खिडक्यांच्या जाळ्या आणि पलंगाच्या चौकटी करत राहिला. शेवटी लेथ विकली. बाजारात भेटला की हात वर करायचा, मीही करायचो. माझ्या मुलीच्या लग्नात दिवसभर मांडवात राबला. जेवायला मात्र बसला नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. छातीत दुखलं, यवतमाळला नेईपर्यंत संपलं. मी जनाज्याला खांदा दिला. कबरस्तानातून येताना लोक मला म्हणाले, दोस्ती असावी तर अशी. मी ऐकून घेतलं.

काही दिवसांनी त्याच्या घरी गेलो. का गेलो? सांगायला गेलो होतो, असं म्हणायचा मोह होतो, पण तेही खरं नाही. लोक जातात म्हणून गेलो. त्याची बायको नसरीन समोर चटईवर बसली. तिनं चहा दिला. मग ती म्हणाली, “भाऊ, ते मले नेहमी सांगत. म्हने, माह्या हातानं त्याचा जीव जात होता, त्याचं सपन गेलं, पन सुधाकरनं आजवर मले एक शब्द बोल लावला नाई. आखरीपर्यंत त्याईले त्याचंच वाटत होतं. तुमच्या मनात काई असन तर... त्याईले माफ करा.”

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं. तीन शब्द बोललो असतो तरी पुरे होतं.

मी म्हणालो, “भाभी, मी त्याला केव्हाच माफ केलं आहे.”

तिनं हात जोडले. मी चहा संपवला आणि उठलो.