निळ्या दोऱ्याची साडी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. सोनपेठहून त्यांची सून मनीषा बोलत होती. "मामी, आई गेल्या पहाटं..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आमचे हे, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, खुर्चीत बसले ते बसलेच. आणि मी काय केलं? तीस वर्षांच्या सोबतीची नणंद गेली, तर मी रडायच्या आधी दिवाणाची फळी उचलली. शेवटची साडी माहेरची लागते ना! परभणीतली दुकानं अजून उघडायची होती. दिवाणात आहेरात आलेल्या साड्यांची चळत होतीच. त्यातली वरची, जरा बऱ्या रंगाची ओढली, पिशवीत कोंबली आणि आम्ही निघालो. या गोष्टीला दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माझ्यावरच आहे.

ताई सोनपेठात ब्लाऊज शिवायच्या. भावोजींच्या माघारी त्याच मशीनवर त्यांनी घर चालवलं. कापड हातात घेतलं की त्याची लायकी त्यांना कळायची, माणसाची जरा उशिरा कळायची. आहेरातल्या ब्लाऊजपीसवर त्यांचा भारी राग. "हे बघ, ह्याच्यात एक बाहीबी धड निघत न्हाई. देणाऱ्याला ठाव, घेणाऱ्याला ठाव, तरी हळदीकुंकू लावून द्यायलेत!" खोटं नव्हतं. आमच्याकडं लग्न असो, बारसं असो, घरभरणी असो, बाईला साडी आणि माणसाला टॉवेल-टोपी. ती साडी कुणी नेसत नाही, ती टोपी कुणी घालत नाही. आलेलं थेट दिवाणात जातं आणि पुढच्या लग्नाची वाट बघत पडतं. दर भाऊबिजेला ताई आमच्याकडं यायच्या. मी पंखे पुसलेले, भांडी घासूनपुसून मांडलेली, पडदे धुतलेले. त्या सगळं बघून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं? आता ऊठ त्या दिवाणावरून." मला असा संताप यायचा! आल्या पाहुण्या, पाहुण्यासारखं बसावं की. पण त्यांचं ठरलेलं. "दिसतंय तिथं कुणीबी झाडतंय गं सुनंदा. न्हाई दिसत तिथलं काढ." मी 'बघू, उन्हाळ्यात काढू' म्हणायची. तसे कितीतरी उन्हाळे गेले.

एका वर्षी त्यांनी गंमत केली. आपण आहेरात द्यायची प्रत्येक साडी घेऊन बसायच्या आणि काठाच्या आतल्या बाजूला, पदराच्या टोकाला, निळ्या दोऱ्याचे तीन टाके घालायच्या. कुणाला दिसू नये असे. पुढं त्यांच्या मुलाचं लग्न निघालं. देवगाव फाट्याच्या एका नातेवाईक बाईनं मांडवात त्यांना साडी दिली. ताईंनी पदर उलटा केला आणि सगळ्यांसमोर हसत सुटल्या. "अगं बाई, ही तर माझीच! मी चुडाव्याला दिली होती की. चुडाव्याहून निघाली, फाट्याला गेली आन् सोनपेठला परत आली. एसटीत बसून मीबी एवढी फिरली न्हाई!" मांडव हसला. ती बाई मात्र वर्षभर बोलली नाही. मला तेव्हा ताईंचाच राग आला होता. चारचौघांत कशाला कुणाला उघडं पाडायचं? आता वाटतं, एकट्या ताईच खरं बोलत होत्या आणि आम्ही सगळे घड्या घालत होतो.

निळा दोरा नसलेली एक साडी त्यांनी मला दिली होती. माझी मुलगी जन्मली तेव्हा. मुलगीच झाली म्हणून घरात जरा सामसूम होती. ताई आल्या, त्यांनी जांभळी रेशमी साडी माझ्या मांडीवर ठेवली आणि पदर उलटून दाखवला. "बघ, ह्याला दोरा न्हाई. ही फिरवायची न्हाई, नेसायची." मी चांगल्या प्रसंगाला नेसू म्हणून जुन्या धोतरात गुंडाळून दिवाणाच्या तळाशी ठेवली.

दुखणं कळल्यावर ताईंनी आधी आपलं घर मोकळं केलं. मी भेटायला गेले तर मशीन सुरू. आहेरातल्या साड्या उभ्या फाडून त्या बाजाराच्या पिशव्या शिवत होत्या आणि येईल त्याला वाटत होत्या. भावकीत बोंब झाली, "आमच्या आहेराच्या पिशव्या केल्या!" ताई म्हणाल्या, "मग काय पूजा करू? पिशवी झाली म्हणून कुणाच्या हातात तरी गेली." मग मशीन थांबवून माझ्याकडं बघितलं. "तुला सांगून ठेवायलेय. माझ्या अंगावर साड्यांचा ढीग लावू देऊ नका. माझीच एक, नेसलेली, धुतलेली साडी नेसवा. एवढं कर माझं." मी हो म्हणाले. हात हातात घेऊन हो म्हणाले!

आणि त्या दिवशी काय झालं? अंगणात ताईंना ठेवलेलं, आणि येणारी प्रत्येक बाई पिशवीतून साडी काढून वर टाकत होती. करकरीत, घडीतल्या, पुठ्ठासुद्धा न काढलेल्या. मनीषानं ताईंची रोजची करड्या चौकटीची साडी धुऊन हातात धरली होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मामी, आईनं तुमाला सांगितलं होतं ना? तुमी मोठ्या हाव, तुमी बोला." सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. देवगाव फाट्याची ती बाईसुद्धा. आणि मी म्हणाले, "असू दे गं... लोक काय म्हणतील? माहेरची साडी नको का?" मी आणलेली साडी उलगडली. पदराच्या टोकाला निळ्या दोऱ्याचे तीन टाके होते. कुठल्या गावाहून, कुणाच्या हातानं फिरत ती माझ्या दिवाणात आली, देव जाणे. मी ते टाके मुठीत धरले आणि तीच साडी त्यांना नेसवू दिली. आमचे हे स्मशानघाटावरून आले आणि म्हणाले, वरच्या सगळ्या साड्या काढून बाभळीवर टाकून दिल्या. जिवंतपणी त्या बाईचं एक ऐकलं नाही आणि मेल्यावरही ऐकलं नाही. कसलं आलंय माहेर!

तेरवीला पुन्हा टॉवेल-टोप्या वाटल्या. भावकीनं आणल्या होत्या, मनीषाचं कोण ऐकतं? निघताना तिनं माझ्या हातात मात्र साडी ठेवली नाही. मशीनच्या खणातलं निळ्या दोऱ्याचं अर्धं रीळ ठेवलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घरी आले आणि त्याच दुपारी दिवाण रिकामा केला. हे म्हणाले, "आता कशाला?" मी म्हटलं, "आता न्हाई तर कवा? माझ्या अंगावर टाकायला ठेवू?" तळाशी धोतराची गुंडाळी निघाली. जांभळी साडी उलगडायला गेले तर घडीघडीवर विरलेली. हातात पट्ट्या आल्या. एकदाही न नेसता फाटलेली साडी! मी खूप रडले. ताई गेल्या त्या दिवशी रडले नव्हते एवढी रडले.

मधले धड तुकडे कापून मी हातानंच एक पिशवी शिवली. शिवण वाकडीतिकडी आहे. ताईंनी उसवायला लावली असती. दोरा निळाच लावला, वरून दिसेल असा. काल बाजारात भाजीवालीनं मेथी टाकता टाकता पिशवी चाचपून बघितली. "बाई, एवढ्या भारी रेशमाची पिशवी केलाव?"

मी म्हटलं, "वेळेवर नेसले न्हाई, म्हणून."