झेंड्यापाशी थांबा

दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्रावर आग विझवायला माणसं ठेवतात, हे ऐकून एल्डन क्रोलचे अमेरिकेतल्या डुलुथ गावचे शेजारी दर वर्षी न चुकता हसायचे. बर्फात कसली आलीय आग? एल्डनने समजावणं सोडून दिलं होतं. इथली हवा इतकी कोरडी की लाकडी भिंत काडेपेटीसारखी भडकते, पाणी मोजून मिळतं, आणि हिवाळ्यात राहतं घर जळालं तर सहा महिने कुणी न्यायला येत नाही. हसणाऱ्यांना हे कळायचं नाही, कारण त्यांच्या दारासमोर दुसऱ्याचं दार असतं.

खरं तर अकरा वर्षांत मोठी आग त्याने एकच पाहिली, रंगाच्या कोठाराची. बाकी सगळे करपलेले टोस्ट. घंटा झाली की सगळा सरंजाम अंगावर चढवून एल्डन कुणाच्या तरी खोलीच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "काय राव, पेंग्विनच्या पोटात काय आहे ते सांगता, आणि मक्याच्या लाह्या भाजता येत नाहीत?" शास्त्रज्ञ ओशाळायचे. दुसऱ्या दिवशी बंबखान्यात बिस्किटांचा डबा येऊन पडायचा.

पण इथल्या बंबवाल्यांचं रोजचं काम म्हणजे फळी. बंबखान्याच्या भिंतीवर ती टांगलेली, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला, एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने लाल. टेकडीपलीकडच्या जुन्या झोपडीपर्यंत पायी जायला परवानगी आहे. जाताना बिल्ला लाल करायचा, परतायची वेळ लिहायची, आलं की हिरवा करायचा. वेळ टळून अर्धा तास झाला की बंबवाले शोधायला निघतात. वाटेवर बांबूंना झेंडे लावलेले आहेत. वारा सुटला आणि दिसेनासं झालं तर चालत राहायचं नाही, हे नव्या माणसांना पहिल्याच दिवशी बंबवाल्यांचा कॅप्टन म्हणून एल्डन स्वतः शिकवायचा. "झेंड्यापाशी थांबा. आम्ही येतो," तो म्हणायचा.

बंबखाना चढावर, राहायच्या खोल्या खाली. दमून आल्यावर तो चढ चढायचं सगळ्यांच्याच जिवावर यायचं. म्हणून जो आधी पोहोचेल त्याने खालून फोन करून बरोबरच्यांचेही बिल्ले फिरवून घ्यायचे, अशी पद्धत पडून गेली होती. नियमात ते बसत नव्हतं, पण सगळेच कानाडोळा करायचे. एल्डनसुद्धा.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टात, हिवाळा सरत आला होता तेव्हा, तिघे जण झोपडीपर्यंत गेले. त्यांत वेंडल ओस्टबी होता. नॉर्थ डकोटाचा गडी, बर्फ उपसायचं यंत्र चालवायचा आणि पत्त्यांत एल्डनचा भिडू. हरला की पत्त्यांना शिव्या द्यायचा, जिंकला की एल्डनला. दुपारी त्यांच्यातल्या गस नावाच्या प्लंबरचा फोन आला.

"आलो रे म्हाताऱ्या. तिघांचे फिरव."

"सगळे आहेत ना?"

"आहेत म्हणजे काय! वेंडल मागेच आहे. फिरव तू, मी आंघोळीला पळतोय."

एल्डनच्या एका हातात सूपची वाटी होती. दुसऱ्या हाताने त्याने तीन बिल्ले फिरवले.

वेंडल मागे नव्हता. शेवटच्या वळणावर थर्मास विसरल्याचं ध्यानात आलं म्हणून तो परत फिरला होता, आणि दहा मिनिटांत वारा सुटला. जेवणाला दिसला नाही तेव्हा झोपला असेल असं सगळे धरून चालले. सकाळी तो कामावर आला नाही तेव्हा शोध सुरू झाला. खोल्यांपासून जेमतेम तीनशे पावलांवर तो सापडला, झेंड्याच्या बांबूला पाठ टेकून बसलेला. तो वाट चुकला नव्हता. उठून चालला असता तर कदाचित पोहोचलाही असता. पण त्याला शिकवलं होतं तसा तो थांबला.

चौकशी झाली. कागदावर 'निरोपात गफलत' असं आलं. गस घरी गेला तो पुन्हा आलाच नाही. वेंडलच्या आईला पत्र गेलं, त्यात लिहिलं होतं की वेळ टळताच माणसं शोधायला निघाली होती. पत्र धाडण्याआधी ते एल्डनला दाखवलं होतं. त्याने वाचून परत दिलं. तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्याची लाज त्याला पुढे रोज वाटत राहिली.

मग त्याने दोन नियम लिहून फळीशेजारी लावले. ज्याचा बिल्ला त्यानेच, बंबवाल्यासमोर उभं राहून फिरवायचा. आणि ज्याने माणूस जाताना पाहिला त्यानेच तो येताना पाहायचा. म्हणजे आपल्या पाळीतला एक जरी बिल्ला लाल असेल तर पाळी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. लोकांनी नाकं मुरडली. थंडीत चढ चढून येताना त्याच्या नावाने बोटं मोडली. एल्डनने सगळं ऐकून घेतलं.

यंदाचा हंगाम त्याचा शेवटचा. बासष्ट वर्षांचा झाला होता, गुडघे बोलायला लागले होते. मुलगी ग्रेटा, तिला दुसरं बाळ झालेलं. "बाबा, थोरला नातू तुम्हाला फोटोवरून ओळखतो, लाज वाटते की नाही?" ती फोनवर म्हणाली, तेव्हा त्याने फेब्रुवारीच्या शेवटच्या विमानात जागा धरायला सांगून टाकलं.

ऑक्टोबरात नवी माणसं आली. एल्डनने नेहमीसारखं शिकवलं आणि शेवटचं वाक्य नेहमीसारखंच भिंतीकडे बघून म्हटलं. "झेंड्यापाशी थांबा. आम्ही येतो."

मागच्या बाकावरून एका बाईने विचारलं, "आणि कुणी आलंच नाही तर?"

लोक हसले. एल्डनला हसता आलं नाही. ती स्वयंपाकघरात भांडी घासायला आलेली, पस्तिशीची, मरीस टफ्ट. बिल्ल्यासाठी तिने फॉर्म भरून दिला. त्यात 'काही झाल्यास कुणाला कळवायचं' या ओळीत तिने लिहिलं होतं, अग्नेस ओस्टबी, आई, मायनॉट, नॉर्थ डकोटा. हीच ओळ एल्डनने एकदा वाचली होती, वेंडलच्या फॉर्मवर.

चार महिने तो तिला टाळत राहिला. ताट ठेवायला खिडकीशी गेला की पलीकडे ती, कोपरापर्यंत साबणाचे हात. "सूप आवडलं नाही वाटतं, कॅप्टन?" एकदा तिने विचारलं. तो म्हणाला, "भूक नव्हती." चार वर्षांत त्याने सूपला हात लावला नव्हता, हे तिला कुठून माहीत असणार? दर रविवारी ती झोपडीच्या वाटेने जायची, चढ चढून यायची, त्याच्यासमोर बिल्ला फिरवायची. दर रविवारी तो ठरवायचा, आज सांगायचं. शब्द जिभेवर यायचे आणि ती निघून जायची.

फेब्रुवारीत ती जायची होती त्या दिवशी सकाळी दहाला ती आली. विमान चारचं होतं.

"एक विचारायचंय, कॅप्टन. वेंडल ओस्टबी माझा भाऊ."

"माहितेय मला."

"मग बरंच झालं. आईला एवढंच जाणून घ्यायचंय. पत्रात लिहिलंय, वेळ टळताच माणसं निघाली. मी पावलं मोजलीत. तीनशे दहा भरतात. मग त्याला सापडायला सकाळ का झाली?"

उत्तर तयार होतं. वारा फार होता. चार वर्षं तेच उत्तर सगळ्यांना पुरलं होतं, आणि तिनेही ते घेतलं असतं.

"कुणी निघालंच नव्हतं," एल्डन म्हणाला. "फळीवर तो आत होता. फोन आला, आणि मी न बघता त्याचा बिल्ला फिरवला."

"तो बसून राहिला होता."

"हो."

"तुम्ही याल म्हणून."

"हो."

ती रडली नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "त्या वेळी तुम्ही करत काय होतात?" तिने विचारलं.

"सूप पीत होतो."

तिने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. आपला बिल्ला लाल केला, वहीत एकची वेळ लिहिली आणि बाहेर पडली.

पावणेएकला ती टेकडीवरून उतरताना दिसली. एल्डन खुर्चीतून उठून फळीपाशी उभा राहिला. ती चढाकडे वळली नाही, सरळ खोल्यांकडे गेली. तीनला धावपट्टीवर जाणारी बस चढ चढून बंबखान्यासमोर थांबली. मरीस खिडकीशी बसली होती. ड्रायव्हरने मान वळवून ओरडून विचारलं, "बाई, बिल्ला राहिला की काय? फिरवून या, थांबतो मी." उघड्या दारातून एल्डनला तो प्रश्न ऐकू आला. मरीसने फळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मान हलवून नाही म्हटलं. बस निघून गेली.

हिवाळ्याची नवी कॅप्टन डीना कोव्हाक रात्री उशिरा पाळी घ्यायला आली. "अरे, या मरीसला विमानात चढताना मी या डोळ्यांनी पाहिलं," ती म्हणाली. "यादीत नाव आहे. फिरवते."

"हात लावू नकोस."

"एल्डन, ती आता न्यूझीलंडला पोहोचून गरम पाण्याने आंघोळ करत असेल!"

"ज्याचा बिल्ला त्यानेच फिरवायचा."

"आणि तुझं विमान? परवा शेवटचं आहे. मग ऑगस्टपर्यंत काही नाही."

एल्डनने भिंतीवरच्या दुसऱ्या नियमाकडे बोट दाखवलं. डीना खूप भांडली. वेडा झालास म्हणाली, वर तक्रार करीन म्हणाली. हिवाळ्याला एक बंबवाला कमी पडत होता म्हणून, की त्याचा चेहरा बघून, कुणास ठाऊक, पण शेवटी तिने त्याचं नाव विमानाच्या यादीतून काढलं. परवाचं विमान त्याच्याशिवाय गेलं. त्याने खिडकीतून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं, आणि मग डुलुथला फोन लावला.

ग्रेटा आधी चिडली, मग रडली. त्याच्या हातून पाळण्याला लावायला तिने नवीन चित्रं आणून ठेवली होती. बऱ्याच वेळाने नाक ओढत तिने विचारलं, "पाळी सोडता येत नाही म्हणजे? कोण बाहेर राहिलंय, बाबा?"

एल्डनने फळीकडे पाहिलं. दीडशे हिरवे बिल्ले आणि एक लाल.

"वेंडल," तो म्हणाला.

"कोण वेंडल?"

चार वर्षांत त्याने घरी हे नाव काढलंच नव्हतं. त्याने खुर्ची जवळ ओढली, बसला, आणि गसच्या फोनपासून सांगायला घेतलं.