मास्तरांचा बिघडलेला माईक

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. हातात छडीऐवजी कातर आणि गळ्यात टेप असलेले मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालायचं, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींच्या मध्ये एक पडदा. तो त्यांनी स्वतःच शिवला होता, आणि म्हणूनच कित्येक वर्षं एका बाजूने आखूड होता. गिऱ्हाइकाच्या कपड्यात सुताएवढा फरक खपवून न घेणारा हा माणूस घरचं काम निघालं की 'उद्या बघू' म्हणायचा. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, तो पडदा आल्यागेल्याला मुद्दाम दाखवत असे.

मास्तरांना दोन गोष्टींचा अभिमान होता. आपण शिवलेल्या कोटाची कॉलर मानेला धरून बसते, ही एक. दुसरी म्हणजे आपली मुलगी. पण हिचं नाव काढायची सध्या घरात सोय नव्हती.

झालं होतं असं की मुलीला एका मोठ्या कचेरीत नोकरी लागली. गळ्यात ओळखपत्र, बसायला फिरती खुर्ची. मास्तरीणबाईंनी ती खुर्ची तोंडी का होईना, पण गल्लीतल्या प्रत्येक घरात फिरवून आणली. जन्मभर नवऱ्याच्या अंगावरचे दोरे वेचले, पोरीच्या अंगावर तरी दोरा दिसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि पोरीने काय करावं? नोकरी सोडली, दुसऱ्या शहरात एक खोली घेतली आणि नाटकवाल्यांचे कपडे शिवायला मशीनवर बसली. बाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं, "तिने मला विचारलं नाही, आता मीही तिच्याशी बोलणार नाही." आणि खरंच बोलल्या नाहीत. महिने उलटले तरी नाहीत. मास्तर मनातून खूश, वरून तटस्थ, आणि दोघींच्या मधे उभं राहून पार पिळून निघालेले. या दोघींनी एकदा एकमेकींशी बोलावं, यापलीकडे त्यांचं देवाकडे काही मागणं उरलं नव्हतं.

मुलगी रोज दुपारी फोन करायची. मास्तर फोन स्पीकरवर टाकून शिवत बसायचे, आणि पडद्याआडची भांडी एकाएकी शहाण्यासारखी गप्प व्हायची. ऐकायचं सगळं, बोलायचं काही नाही, अशी बाईंची व्यवस्था होती. फोन संपला की भांडी पुन्हा आपटायला लागत. मास्तरांना हे सगळं कळत होतं. कळतंय हे दाखवायचं नसतं, एवढी अक्कल त्यांना लग्नानंतर लवकरच आली होती.

पण मशीनच्या घरघरीत बाबांना धड ऐकू येत नाही, हे मुलीच्या ध्यानात आलं आणि तिने कानात घालायची ती बिनवायरची जोडी पाठवून दिली. पांढरी, गुळगुळीत, छोट्याशा डबीत बसणारी. तिने नाव इअरबड्स असं सांगितलं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं 'बोंडं' करून टाकलं. त्यांनी उजव्या कानातच काय ते एक घालायचं ठरवलं, कारण डावा कान मशीनसाठी राखीव. टाका सुटायला लागला तर मशीन आधी आवाज बदलतं, आणि तो ऐकायला कान मोकळा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

बोंडं आली आणि बाईंच्या व्यवस्थेचा बोऱ्या वाजला. आता त्यांना ऐकू यायचे ते फक्त मास्तर. "हं... हो का?... काय सांगतेस!... अरेरे." एवढंच. अरेरे कशाबद्दल? पोरगी पडली, झडली, उपाशी राहिली की कोणी फसवलं? विचारावं तर स्वतःचाच शब्द मोडतो. न विचारावं तर भात घशाखाली उतरत नाही. चार दिवस बाईंनी पडद्याला कान लावून पाहिला. पडदा आखूड असल्यामुळे त्यांचे पाय दिसत होते. मास्तरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, त्या डबीला चार्जिंग लावायचं तुमच्या लक्षात राहत नाही. माझ्याकडे द्या. फोनच्या वेळेला मी आणून देत जाईन."

मास्तर हरखले. आजवर ज्या वस्तूकडे बाईंनी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिची ही काळजी! त्या दिवसापासून दुपार झाली की बाई तळहातावर एक बोंड घेऊन यायच्या, औषधाची गोळी द्यावी तसं देऊन जायच्या. डबी मागेच, स्वयंपाकघरातल्या फळीवर. त्याच सुमारास बाईंना कानात वारं भरण्याचा त्रास सुरू झाला आणि त्या डोक्याला रुमाल बांधून वावरू लागल्या. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या, पण वारं कधी कोणाच्या कानात भरेल ते काय सांगावं? मास्तरांनी ओवा शेकायला सुचवलं आणि विषय संपवला.

आणि तेव्हापासूनच माईक बिघडला.

"बाबा, तुमचा आवाज फार लांबून येतोय," मुलगी म्हणाली. "शेजारच्या घरातून बोलताय का?"

"अगं, मशीनवरच आहे. तू सांग, बाहीला घेर किती दिलास?"

मग मुलगी म्हणाली, "दोन्ही वेळा जेवते, बाबा. अगदी पोटभर."

"घेर! बाहीचा घेर विचारतोय मी!"

"हो, हो, दाराला आतून कडी लावते. रोज."

मास्तरांनी मशीन थांबवलं. मुलगी लहानपणापासून हुशार, विचारलेल्याचं उत्तर नेमकं देणारी. हा माईक माझं बोलणं पार दुसरंच करून पोचवतोय की काय, अशी त्यांना शंका आली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी कापडाच्या आटण्याबद्दल सांगावं, तर तिने केसांना तेल लावत असल्याची ग्वाही द्यावी. त्यांनी अस्तराचा रंग विचारावा, तर तिने म्हणावं, "नाही हो, एवढी वाळले नाहीये मी. फोटोत तसं दिसतं."

मग मास्तरांनी दुरुस्ती हातात घेतली, आणि इथे ते चुकले. मास्तरांच्या शास्त्रात बिघाडाची कारणं दोनच असू शकतात, धागा अडकला किंवा तेल संपलं. आधी त्यांनी बॉबिनखालचा दोऱ्यांचा कचरा काढायच्या ब्रशने बोंडाची जाळी झाडली. धागा निघाला नाही, बोंड परत कानात गेलं. मग त्यांनी पडदा बाजूला सारून आत हाक मारली, "अगं, मशीनच्या तेलाची कुपी कुठे ठेवलीस? बोंडात थेंबभर सोडतो!"

"तेल?" मुलगी कानात किंचाळली. "बाबा, त्यात तेल घालायचं नसतं!"

मास्तर चक्रावले. तिच्याशी बोललेलं तिला ऐकू येत नाही, आणि बायकोला घातलेली हाक मात्र लख्ख पोचते! पण तोवर कुपी हातात आली होती आणि थेंब पडून गेला होता. पुढचे दोन दिवस मास्तरांचा उजवा कान चकचकत होता. माईक होता तसाच.

गंमत म्हणजे मुलीची तक्रार हळूहळू बंद झाली. मास्तर फोन बंद करून चालू करायचे, जोडणी पुसून पुन्हा जोडायचे, बोंड तोंडापाशी धरून "हॅलो, हॅलो" करायचे, आणि ती म्हणायची, "राहू द्या हो, बाबा. कशाला दुरुस्त करता? चाललंय ते छान चाललंय."

हे मात्र मास्तरांना लागलं. बापाचा आवाज पोचत नाही आणि छान चाललंय? त्यात तिच्या हातात पहिलाच कोट होता. राजाच्या भूमिकेतल्या नटाचा कोट. कॉलरच्या आत घालायचं जाड कापड, म्हणजे कॅनव्हास, तिरकं कापायचं, सरळ कापलं की कॉलर उठते, ही त्यांच्या आयुष्यभराची कमाई त्यांना तिच्या कानात घालायची होती, आणि मधे हा बोटभर माईक आडवा आला होता. त्यांनी बोंड कापडाच्या चिंधीत गुंडाळलं आणि कोपऱ्यावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानदाराने बोंड उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "मास्तर, यात काही तळलंय का?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. दुकानदाराने कापसाने बोंड पुसलं, फोनला जोडलं आणि म्हणाला, "बोला काहीतरी." मास्तर बोलले, "कॅनव्हास तिरकं काप." फोनमधून त्यांचाच आवाज परत आला, समोर बसून बोलल्यासारखा स्वच्छ.

"माईक ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "दुसरं कुठाय?"

"डबीत असेल. डबी बायकोकडे असते."

"असेल म्हणजे? बघितलंत का? अहो, दोन्ही बाहेर असली ना, तर तुमच्या या जोडीत माईक एकाचाच चालतो. जे डबीतून आधी निघेल, त्याचा. दुसऱ्यातून नुसतं ऐकू येतं. कोणी डबीतलं एक आधी काढून कानात घालून बसलं असेल, तर तुम्ही बोंबलून काय उपयोग?"

मास्तर घरी निघाले आणि वाटेत थांबले. रुमाल. भरउन्हाळ्यात कानावर बांधलेला रुमाल. मग जेवण, कडी, केसांचं तेल, वाळलेला फोटो, सगळं एकेक करून आठवलं. ही पोरीशी बोलत नाही, पण स्वयंपाक करताना स्वतःशी पुटपुटायची हिला जुनी खोड. 'जेवते की नाही कोण जाणे. कडी तरी लावते का झोपताना. किती वाळलीये फोटोत.' आणि तिकडे ती कार्टी बाबा, बाबा करत आईला उत्तरं देतेय! इतके दिवस या दोघी बोलत होत्या, आणि आपण मधे बसून तेल घालत होतो. मास्तर रस्त्यातच एवढ्या मोठ्याने हसले की समोरून येणारी एक बाई रस्ता बदलून गेली. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी चिंधीला पुसले. चिंधीला तेल होतं, त्यामुळे डोळे आणखीच वाहिले.

घरी आल्यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. माझा माईक दुरुस्त करायचा म्हणजे बायकोचा बंद करायचा, एवढं त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई रुमाल बांधून आल्या, तळहातावरचं बोंड देऊन आत गेल्या. फोन वाजला. मास्तरांनी उचलला आणि नुसते ऐकत बसले. हात मात्र मशीनवर, चालते.

"बाबा," मुलगी म्हणाली, "कोट आज शिवायला घेतला. पण जरा घोळ झाला. सुई बोटात गेली."

मशीन थांबलं. आत काहीतरी खळ्ळकन पडलं.

"कुठल्या बोटात?" बाईंचा आवाज पडद्याआडून आला आणि त्याच वेळी मुलीकडेही पोचला. "आरपार गेली का गं? रक्त थांबलं? बोल की! अशी कशी गं धांदरट तू, लक्ष कुठे होतं तुझं?"

पडदा बाजूला झाला. बाई दारात उभ्या होत्या, हातात पळी, रुमाल मागे सरकलेला, आणि डाव्या कानात ते पांढरं बोंड. चोरी पकडली गेलेल्या माणसाच्या तोंडावर राग असतो, तसा राग त्यांच्या तोंडावर होता. डोळ्यांत मात्र तो नव्हता.

"आई," मुलगी म्हणाली. "काही नाही गं. जरासं लागलंय. उजव्या हाताच्या करंगळीला."

उजव्या हाताची करंगळी! मास्तरांचे कान टवकारले. उभं आयुष्य मशीनवर गेलं होतं त्यांचं. सुई त्यांच्याही बोटात गेली होती, पण डाव्या हाताच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या पहिल्या बोटात. उजवा हात असतो चाकावर. त्याची करंगळी सुईखाली यायची, तर माणसाला मुद्दाम वाकून, हात वळवून, ती तिथे नेऊन ठेवावी लागेल. पोरगी धडधडीत खोटं बोलत होती. त्यांचं तोंड उघडलं.

"करंगळी म्हणजे फार नाही ना गं?" बाई विचारत होत्या, आणि त्यांचा आवाज असा झाला होता, जसा मास्तरांनी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

मास्तरांनी तोंड मिटलं. कानातलं बोंड काढलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं.

"माझं बिघडलंय," ते बायकोला म्हणाले. "तूच बोल."

बाईंनी नाक उडवलं, पडदा ओढून घेतला, आणि आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. म्हणजे बैठक लांबणार होती. मास्तर शिवायला लागले. आता त्यांना ऐकू येत होत्या त्या फक्त बाई.

"हं... हो का?... कोण म्हणालं असं?... काय सांगतेस!"

मास्तरांनी मशीन हळू केलं.

"अरेरे," बाई म्हणाल्या.

अरेरे कशाबद्दल? कोटाबद्दल? कॅनव्हास सरळ कापलं की काय? मास्तरांना बसवेना. ते उठले, पायांचा आवाज न करता पडद्यापाशी गेले आणि त्याला कान लावून उभे राहिले.

"आणि हे बघ," आतून बाई मुलीला सांगत होत्या, "तुझे बाबा पडद्यामागे उभे आहेत. पाय दिसतायत मला. त्यांना काहीतरी कॉलरचं सांगायचंय, थांब, देते."