हाताखालची मोकळी जागा

चित्रकलेच्या क्लासात बाई सांगतात, माणूस काढताना नाकडोळे विसरा, डोळे किलकिले करून नुसता आकार बघा. आणि माणसाइतकीच त्याच्या आजूबाजूची मोकळी जागाही बघा. सत्तरीत हे शिकतेय मी. घरी सराव करणार कुणावर? खिडकीपाशी कमरेवर हात ठेवून उभे राहतात, त्या आमच्या ह्यांच्यावरच.

काल काढलं आणि दिवाळीतलं चित्र शेजारी ठेवलं. दंड आणि पोट यांच्यामध्ये तेव्हा नुसती चिंचोळी फट होती. आता तिच्यातून खिडकीतली कोरफडीची कुंडी अख्खी दिसते. आधी मला माझ्या हाताचाच संशय आला. पुन्हा काढलं, तरी तेच. चेहरा आपण रोज बघतो ना, म्हणून तो फसवतो. हसून वेळ मारून नेतो. आकाराला तसं जमत नाही.

"अहो, जेवण जातंय ना नीट?"

"जातंय की. तुझंच चित्र चुकलं असेल."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"चित्र चुकलं म्हणून डॉक्टर?"

"नाही, बरोबर आलंय म्हणून."

कमरेवरचा हात त्यांनी हळूच खाली सोडला.