चार नंबरच्या टेबलाशी आठ ओळी

चौतारीने चार नंबरच्या टेबलावरच्या बाईपायी हॉटेलातल्या नोकरीवर पाणी सोडलं, ही कुजबुज माझ्या कानावर आली तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो आणि तोंडाला साबण होता, म्हणजे उलट प्रश्न विचारायचीही सोय नाही. संध्याकाळपर्यंत त्या बाईला घारे डोळे आले होते, दुसऱ्या दिवशी एक संशयी नवराही. गप्पांना फोडणी घालण्यात मी मागे नसतो, पण ही फोडणी हॉटेलच्या हेड वेटरची.

चौतारी म्हणजे युकुलेली वाजवून गाणारा. चार तारांचं, मांजराएवढं ते वाद्य. त्याला कुणी 'गिटारचं पिल्लू' म्हटलं की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दर रविवारी दुपारी हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, सॅलडचं टेबल आणि स्वयंपाकघराचं दार यांच्यामध्ये उंच स्टुलावर बसून तो जुनी गाणी म्हणायचा. जुनी म्हणजे आमच्या आजोबांना मिसरूड फुटलं तेव्हाची. तेव्हा माइक नवानवा आला होता आणि गायकांना शोध लागला होता, की आता ओरडायला नको, हजार जणांच्या कानात एकदम कुजबुजता येतं. चौतारीचा जीव त्या कुजबुजीत. स्वभाव मात्र तोफेचा.

त्याचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. या गाण्यांना मुखड्याआधी सात-आठ ओळी असतात, बोलल्यासारख्या, चाल असून नसल्यासारखी. जो तो त्या गाळतो. त्याच्या सगळ्यात लाडक्या गाण्याचा मुखडा चांदण्यातल्या रस्त्याचं कौतुक करणारा. लोक त्यावर चमच्यांनी ताल धरायचे. पण आधीच्या आठ ओळींत तो माणूस सांगतो, की मी घरी गेलो तर दारावर दुसऱ्याच्याच नावाची पाटी होती, म्हणून हा असा हिंडतोय.

"घर गेलेला माणूस आहे तो," चौतारी बायकोच्या शिवणयंत्रावर आवाज चढवून म्हणायचा. "त्या ओळी कापून हे लोक त्याचा जेवण जिरवायला निघालेला जावई करतात."

वहिनी लोकांचे कपडे मापात बसवून द्यायच्या. विजारीची उंची कमी करता करता त्या म्हणाल्या, "मी निदान पायाकडून कापते."

डोक्याकडून कापणारा होता हॉटेलचा मॅनेजर. त्याने एकदा चौतारीला बाजूला घेऊन समजावलं, की मुखडा येईपर्यंत लोकांचं सूप संपतं, तेव्हा मुखड्यापासूनच धरा. चौतारी म्हणाला, "मग तुम्ही सूपही तळापासून वाढा." मॅनेजर हसला नाही. मुखड्यापासून, नाहीतर रविवारपासून येऊ नका, एवढं म्हणून तो गेला.

ही गाणी ऐकून घेणारा दुसरा माइक आमच्या गावात नव्हता. म्हणून चौतारी नमला. तीन रविवार त्याने मुंडकं छाटलेली गाणी म्हटली आणि घरी येऊन कपाटाची दारं आपटली. तिसऱ्या रविवारी एक बिजागरी निखळली. वहिनींनी स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, की यापुढे राग हॉटेलातच काढून या.

चौथ्या रविवारी त्याने त्या आठ ओळी सुरू केल्या. हॉल चघळत होता. समोर एकटी जेवणारी एक साठीची बाई तेवढी थांबून ऐकत होती. तिसऱ्या ओळीला मॅनेजरने भिंतीपाशी जाऊन माइकची वायर उपटली.

माइक गेला की कुजबुजणाऱ्या गायकाचं काय उरतं? दुसरा कुणी असता तर ओरडून गायला असता. चौतारीने आवाज रेसभरही वाढवला नाही, कारण ते गाणं ओरडायचं नव्हतं. रागाने कान लाल झालेले, अशा अवस्थेत तो स्टुलावरून उतरला, चार नंबरच्या टेबलाशी गेला, वाकला आणि उरलेल्या पाच ओळी त्या बाईच्या कानाशी म्हटल्या. मग मुखडा न म्हणताच युकुलेली पिशवीत घातली. मॅनेजरने दाराकडे बोट दाखवलं. दार कुठे आहे ते मला माहीत आहे, असं सांगून चौतारी त्यातून बाहेर पडला.

हेड वेटरला दिसलं ते एवढंच, की बाईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि नोकरी गेली. बाकीचं त्याने शिजवलं.

वहिनींच्या कानावर ते तिसऱ्या दिवशी आलं, गिऱ्हाइकाकडून, ब्लाउजच्या मापासोबत. त्यांनी नवऱ्याला विचारलं, त्या बाईच्या कानात काय म्हणालात? चौतारीचा पारा चढला. त्याने यंत्र थांबवायला लावलं आणि आठच्या आठ ओळी म्हणून दाखवल्या, दात आवळून.

वहिनींनी दोरा दाताने तोडला. "बाईचं लफडं असतं तर इतके चिडला नसतात," त्या म्हणाल्या.

तो अजूनही चिडलेलाच आहे. ही गाणी आता शिवणयंत्रापाशी होतात, आणि पहिल्या आठ ओळींना यंत्र बंद असतं.

चार नंबरच्या टेबलावरची बाई त्याची कुणी नव्हती. तिचं नाव त्याला माहीत नाही. त्या ओळी सुरू झाल्या तेव्हा तिने चमचा खाली ठेवला होता.