चार ढांगांचं माप

खाणीत दगड फुटतो तो दारूने, असं लोक समजतात. चूक! तो फुटतो सुरुंगाच्या होलच्या आखणीने. आणि आमच्या खुणवाल्या काकांची आखणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कड्यापासून पहिली रांग किती मागे, ते बांबूने मोजायचं, कारण काठाकडे ढांगा टाकत जाणारा परत येत नाही. पण रांगेत होल ते होल चार ढांगा, आणि तिथे चुन्याची चिमूट. तीस वर्षं टेप नाही.

"काका, पायावर आकडे छापलेत का?" ड्रिलवाला विचारायचा.

"तुझ्या सासऱ्याला विचार, त्यानेच छापलेत!"

मग काका घसरले, मांडीचं हाड मोडलं. चार महिन्यांनी कामावर आले, तर दगड ऐकेना. दोन धमाके, दोन्ही वेळा कपाटाएवढे धोंडे, क्रशर ठप्प.

मालक म्हणाला, "तिसऱ्यांदा असं झालं, तर तुम्ही घरी बसा."

घरी बसून काका काय करणार? त्यांना दुसरं येत काय होतं! त्यांनी सगळं ड्रिलवाल्यावर ढकललं. "होल तिरके मारतो हा."

तिसऱ्या धमाक्याच्या सकाळी जीव थाऱ्यावर नव्हता. खोलीत येरझारा. दारापासून भिंत, नेहमीच्या चार ढांगा. एक, दोन, तीन, चार... आणि पाचवी ढांग. पुन्हा मोजलं. पाचच.

"अहो, खोली वाढली की काय?" काकू हसली.

काकांनी आपल्या मोडून जुळलेल्या पायाकडे पाहिलं. खोली तीच होती, ढांग आखूड झाली होती. होल जवळजवळ आले की दगड आधी रांगेतच होल ते होल चिरतो, आणि पुढचा भाग न फुटता अख्खा खाली येतो. सवयीने चुन्याची बादली उचलून ते लंगडत धावले. अर्ध्या वाटेत भोंगा झाला, मग जमीन हादरली.

पोचले तेव्हा तळाला धोंडेच धोंडे, आणि मालक ड्रिलवाल्यावर तुटून पडलेला. "चालता हो! काका सांगत होते ते खोटं नव्हतं!"

गप्प राहिले असते तर काकांची नोकरी वाचली असती. ते राहिलेही, दोनचार श्वास.

"होल सरळ होते," मग ते म्हणाले. "माझी ढांग आखूड झालीय."

ड्रिलवाल्याने हात पुढे करून चुन्याची बादली धरली. काकांची बोटं काही केल्या कडीवरून सुटेनात.